पिशवीच्या बंदाची गाठ

आमच्या घरात सकाळ व्हायची ती समोरच्या वर्कशॉपमधल्या प्रेसच्या आवाजानं. चिखलीतल्या त्या गल्लीत एका बाजूला राहायच्या खोल्या होत्या, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडी, आणि मधे जेमतेम एक टेम्पो जाईल एवढा रस्ता. प्रेस धप्प करून खाली आला की आमच्या मांडणीवरची पातेली हलकेच किणकिणायची. आई भाकरी थापायला बसायची तेव्हा तिच्या हाताचा आवाज आणि त्या प्रेसचा आवाज बराच वेळ बरोबरीनं चालायचा, मग कुठंतरी तिचा हात पुढं निघून जायचा. घरात येसर आमटीच्या फोडणीचा वास आणि बाहेरून कटिंग ऑइलचा. हे दोन वास माझ्या नाकात इतके एकत्र बसले आहेत की आजही एखाद्या कारखान्याच्या शेडजवळून जाताना मला एकदम भूक लागते. हे कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून मी सांगत नाही. इथं लिहून ठेवते.

आई मेस चालवायची. मेस म्हणजे टेबलं-खुर्च्या नव्हेत, डबे. दुसऱ्या शिफ्टला जाणाऱ्या कामगारांना संध्याकाळी सातच्या सुमारास कंपनीच्या गेटवर गरम डबा मिळायचा. चाळीसच्या आसपास माणसं होती, बहुतेक आमच्यासारखीच मराठवाड्यातून आलेली, चिखलीत खोल्या करून राहणारी. अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी खोल्याखोल्यांवरून रिकामे डबे गोळा करायचे आणि संध्याकाळी भरलेले डबे स्कूटरला दोन्ही बाजूंनी लटकवून तळवड्यापासून महाळुंग्यापर्यंत गेटागेटावर द्यायचे. पूर्वी ते स्वतः कंपनीत होते. पाठीचं दुखणं झालं आणि उभं राहायचं काम सुटलं. स्कूटरवर बसून करायचं काम त्यांना जमायचं. "कंपनी सुटली, पण गेट काही सुटंना," असं ते हसून म्हणायचे.

प्रत्येक डब्याला आईनं शिवलेली कापडी पिशवी असायची. आईची शाळा चौथीपर्यंत. नाव वाचायला तिला वेळ लागायचा, म्हणून तिनं प्रत्येक पिशवीवर रंगीत दोऱ्यानं एकेक खूण काढली होती. कुणाचा मासा, कुणाचं त्रिशूळ, कुणाचा दिवा. भानुदासमामांचं ज्वारीचं कणीस. आणि पिशवीच्या बंदाला गाठीचा कायदा होता. सकाळी रिकामा डबा परत येताना बंद मोकळा असेल तर आज डबा हवा. एक गाठ असेल तर आज नको. दोन गाठी म्हणजे उपवास, साबुदाण्याची खिचडी किंवा भगर. अण्णा पिशव्यांचा ढीग ओट्यापाशी टाकायचे आणि आई एकेक बंद बोटांतून ओढत जायची. तेवढ्यात तिचं पीठ किती मळायचं ते ठरायचं.

पण आई नुसत्या गाठीवर विसंबायची नाही, हे मला तेव्हा दिसत होतं तरी कळत नव्हतं. एक गाठ दिसली की ती अण्णांना विचारायची, "ह्यो गावाला गेला का आजारी हाय? आजारी असला तर पेज देऊ की." दोन गाठी दिसल्या आणि त्या दिवशी कसला वार नसला तर म्हणायची, "आज कशाचा उपास? चुकून दुसरी मारली असंल. विचारून या." अण्णा वैतागायचे. "अगं, त्यानं स्वतःच्या हातानं बांधलीय गाठ." त्यावर ती म्हणायची, "बांधणाऱ्याचा हात चुकला तर पोट माझ्याकडं बघतंय." आणि अण्णा पुन्हा स्कूटरला किक मारायचे.

मी तेव्हा आकुर्डीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मला वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटायची. आपल्याला जे कळलं नाही ते सगळ्यांना आधीच माहीत असणार, असं धरून मी चालायचे. प्रोजेक्टच्या वेळी मॅडमनी अट घातली की वापरणारी माणसं खरी पाहिजेत, मनानं कल्पून लिहिलेली चालणार नाहीत. वर्गातल्या मुलांच्या ओळखीत दवाखाने होते, दुकानं होती, क्लास होते. माझ्या ओळखीत चाळीस पिशव्या होत्या. मी चाचरत म्हटलं, "मॅडम, डब्याची नोंद घेणारा फॉर्म केला तर?" त्या म्हणाल्या, "छान. कर. पण खराखुरा चालला पाहिजे."

फॉर्म अगदी साधा होता. फोनवर एक पान उघडायचं. त्यात नाव, मोबाईल नंबर, आणि तीन पर्याय: हवा, नको, उपवास. खाली बटण. बटण दाबलं की पान न बदलता, त्या पानातलीच माझी छोटी स्क्रिप्ट भरलेली माहिती उचलायची आणि दूर कुठंतरी असलेल्या सर्व्हरकडे पाठवायची. तिथला माझा दुसरा प्रोग्राम ती घ्यायचा, यादीत लिहायचा आणि उलट निरोप पाठवायचा: लिहिलं. तो निरोप फोनवर पोचला की बटणाच्या जागी हिरवी बरोबरची खूण यायची. सकाळी अकरापर्यंत भरायचं. मग मी यादी उघडून आईला वाचून दाखवायचे. पहिल्यांदा ती हिरवी खूण माझ्या स्वतःच्या फोनवर उमटली तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये एकटीच हसले होते.

इथं दोन गोष्टी मी केल्या. दोन्ही मला त्या वेळी शहाणपणाच्या वाटल्या.

पहिली अशी की यादीत एक माणूस दोनदा येऊ नये म्हणून मोबाईल नंबर हीच त्याची ओळख धरली. त्याच नंबरवरून पुन्हा फॉर्म आला तर आधीचं पुसून नवं लिहायचं, म्हणजे कुणाचा विचार बदलला तरी अडचण नको. माझ्या वर्गात प्रत्येकाकडे स्वतःचा फोन होता. फोन आणि माणूस या वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी राहत होते कुठं, तर चिखलीत, जिथं एकेका खोलीत चार-चार, सहा-सहा जण आणि नेटपॅक एखाद्याच्याच फोनमध्ये.

दुसरी गोष्ट माझ्या हातून भिडेखातर झाली. पहिले पंधरा दिवस आठ-दहा जणांनीच फॉर्म वापरला. पत्र्याच्या खोल्यांत रेंज धड नसायची. बटण दाबल्यावर उत्तर यायला वेळ लागायचा, आणि ही माणसं चिडायची. "ताई, तुमचं अडकतंय," असे फोन यायचे. एक जण म्हणाला, "त्यापरीस गाठ बरी, मारली की मारली." मला ते लागलं. मग मी स्क्रिप्टमधली एक ओळ उचलून वर नेली. उत्तर आल्यावर दिसणारी हिरवी खूण आता बटण दाबल्याबरोबर दिसायला लागली. माहिती मागून निवांत जात राहील, जाऊन जाऊन कुठं जाईल, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे खूश. "आता कसं झटक्यात होतंय!" त्या कौतुकानं मी इतकी सुखावले की आपण काय केलंय याचा विचारच केला नाही. सर्व्हरनं अजून ऐकलंही नव्हतं आणि मी त्याच्या वतीनं हो म्हणत होते.

गुरुवारी कंपन्या बंद, म्हणून मेसही बंद. त्या दिवशी आई डब्यांना चिंच लावून घासायची आणि अण्णा स्कूटर धुवायचे. अशाच एका गुरुवारी मी दोघांना म्हटलं की उद्यापासून सगळेच फॉर्म भरतील, गाठी बंद. आई डबा घासता घासता थांबली. "बंद कशाला? राहू दे की दोन्ही." मी म्हटलं, "आई, दोन्ही ठेवलं तर गोंधळ होतो. फॉर्ममध्ये एक आणि गाठीत एक असलं तर कुणाचं ऐकायचं?" ती परत डबा घासायला लागली. उत्तर माझ्याकडेही नव्हतं, पण मी ते तसं कबूल केलं नाही.

शुक्रवारी अकरा वाजता मी यादी वाचली. आई ओट्यापाशी पिशव्या लावत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "रवीच्या खोलीतून एकच?"

त्या खोलीत चौघं राहायचे. रवी आणि आणखी दोघं तळवड्याला एकाच कंपनीत, आणि चौथे भानुदासमामा, महाळुंग्याला. मामा आमच्या गावाकडचेच, पन्नाशी ओलांडलेले, एकोणीस वर्षं लेथवर काढलेले. त्यांना साखरेचा आजार होता. संध्याकाळी ठरल्या वेळी गोळी घ्यायची आणि अर्ध्या तासात जेवायचं, असा त्यांचा नेम. अण्णांनी त्यांचा डबा म्हणून कधी उशिरा नेला नाही.

"रवीचंच नाव आलंय," मी म्हटलं. "बाकीच्यांनी भरला नाही."

"चौघांच्या पिशव्या मोकळ्या आल्यात की गं. एकाला गाठ नाही."

"गाठी बंद केल्यात ना आपण? मग मोकळा बंद असण्याला आता काय अर्थ आहे?"

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. शिकलेल्या मुलीपुढं आईबाप जसे मागं सरकतात तशी ती मागं सरकली. "तू म्हणतीस तर असंल," म्हणाली आणि तीन पिशव्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवल्या. वर कणसाची.

त्या संध्याकाळी महाळुंग्याच्या गेटवर भानुदासमामा गोळी घेऊन येऊन उभे राहिले. अण्णांनी सगळ्यांच्या पिशव्या वाटल्या आणि स्कूटर वळवली. मामा म्हणाले, "माझा?" अण्णा म्हणाले, "तुमचं नाव नव्हतं म्हणे आज." मामांनी फार काही विचारलं नाही. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची. गेटसमोरच्या टपरीवर गर्दी होती. ते अर्धा कप चहा पिऊन आत गेले आणि मशिनवर उभे राहिले. तासाभरात त्यांच्या डोळ्यापुढं अंधारी आली. बाजूच्या माणसानं धरलं म्हणून हात चालत्या मशिनवर गेला नाही. खुर्चीवर बसवून त्यांना साखरपाणी दिलं, आणि सुपरवायझरनं घरी पाठवलं.

शनिवारी सकाळी रवीचा फोन आला. तो आधी मोठ्यानं बोलत होता. "ताई, मामाचा डबा कुठं घातला काल? माणूस पडला असता की मशिनवर!" "आम्ही तिघांनी एका डब्यात भागवलं, मामानं काय करायचं?" असं बरंच काही. मी घाबरले. घाबरल्यावर माणूस हातात जे असेल ते ढालीसारखं पुढं धरतो. माझ्या हातात यादी होती.

"त्यांनी फॉर्म भरलाच नव्हता," मी म्हटलं. "माझ्याकडे सगळं दिसतंय. नाव नाही त्यांचं."

फोन स्पीकरवर होता, हे मला मामांचा आवाज आला तेव्हा कळलं. ते शांतपणे म्हणाले, "भरला होता की, लेकी. हिरवी खूण आली. मी बघितली."

"मामा, सर्व्हर खोटं नाही बोलत. तुम्ही विसरला असाल. बटण दाबायचं राहिलं असेल."

पलीकडे एक जण हसला. "मामा, वय झालं तुमचं! भूल पडायलीय." मामा म्हणाले, "असंल बाबा." आणि फोन बंद झाला.

ते "असंल बाबा" माझ्या कानात अजून आहे. आदल्या दिवशी आईनं तेच म्हटलं होतं, तू म्हणतीस तर असंल. दोन मोठी माणसं माझ्या यादीपुढं आपली डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सोडून देत होती.

सोमवारी अण्णांनी गेटवरून बातमी आणली. भानुदासमामांना लेथवरून काढून पॅकिंगला बसवलं. सुपरवायझरचं म्हणणं, चक्कर येते ते एक, आणि डबा सांगायचा पण विसरतात. उद्या मशिन बंद करायला विसरले तर? खोलीतल्या कुणीतरी ती भूल पडल्याची गंमत मामांच्या कंपनीतल्या एका ओळखीच्याला सांगितली होती. अण्णा म्हणाले, "खोकी चिकटवीत बसलाय. माझ्याकडं बघितलं पण न्हाई." लेथवर एकोणीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला बसून खोकी चिकटवायला लावणं म्हणजे काय, हे अण्णांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

खिळ्यावरची कणसाची पिशवी काढून आईनं माझ्यासमोर ठेवली. मामांनी शनिवारपासून डबा घेणं थांबवलं होतं. शुक्रवारी सकाळी आली तशीच ती पिशवी होती, बंद मोकळा. "त्यानं गाठ मारली नव्हती," आई म्हणाली. "तुझ्या फॉर्मावर भरवसा नव्हता असं नाही, पण सवय असती माणसाला. नको असता तर बोटं आपसूक गाठ मारून गेली असती. मी सकाळीच बघितलं होतं. बोलले पण. मग गप बसले, ती माझी चूक."

तिची चूक, म्हणाली ती. मला तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन रवीच्या खोलीवर गेले. मामा आंघोळ करून देवाला उदबत्ती लावत होते. मला बघून "ये लेकी" म्हणाले आणि खाटेवरची चादर सारखी केली. मी म्हटलं, शुक्रवारी जसा भरला होता तसाच फॉर्म पुन्हा भरून दाखवाल का, सगळ्यांनी, त्याच क्रमानं. रवी फुरंगटून म्हणाला, "आता आमची परीक्षा व्हय?" पण त्यानं फोन काढला. आधी मामांनी भरला. सावकाश एकेक अक्षर शोधून त्यांनी नाव लिहिलं, आणि नंबराच्या जागी रवीचा नंबर घातला, कारण फोन रवीचा. बटण दाबलं. हिरवी खूण. मी लॅपटॉपवर यादी बघत होते. काही सेकंदांनी ओळ आली: भानुदास, हवा. मग दुसऱ्यानं भरला. हिरवी खूण. यादीत नवी ओळ आली नाही. त्याच ओळीतलं नाव बदललं. तिसऱ्यानं भरला, पुन्हा बदललं. शेवटी रवी. यादीत एक ओळ: रवी, हवा. चौघांनी चार हिरव्या खुणा पाहिल्या होत्या. बाकीच्या खोल्यांतल्यांनी फोन एकाचा असला तरी नंबर ज्याचा त्याचा घातला होता, म्हणून तिथं निभावलं होतं.

मग रेंज गेली असताना मी स्वतः एकदा बटण दाबून बघितलं; माहिती कुठंच पोचली नाही, तरी खूण हिरवीच आली. ती खूण कशानंही हिरवी झाली असती. मीच ती तशी केली होती.

मला रडू येईल असं वाटलं, पण चार माणसांपुढं रडणं म्हणजे त्यांनाच माझी समजूत काढायला लावणं. म्हणून मी घाईघाईनं सांगून टाकलं. नंबरचं सांगितलं, खुणेचं सांगितलं. मामा लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या त्या यादीत आमी चौघं मिळून एकच माणूस?"

"हो."

"आन् तो माणूस रवी!" खोलीतला एक जण खिदळला. "राव, मग भाडं पण यानंच भरू दे." सगळे हसले. मामाही हसले. मी मान वर केली नाही.

"मामा, तुम्ही फॉर्म भरला होता. मी तुम्हाला खोटं पाडलं."

त्यांनी लगेच "जाऊ दे" म्हटलं नाही, याचं मला आज बरं वाटतं. त्यांनी उदबत्तीची राख झटकली. म्हणाले, "मला वाटाय लागलं होतं, खरंच भूल पडायलीय का काय. तीन दिवस झाले, कडी लावली का म्हणून दोन-दोनदा बघायलोय."

मी तिथंच वहीचा कागद फाडून चिठ्ठी लिहिली. सुपरवायझरसाहेबांना नमस्कार करून लिहिलं की भानुदासमामांनी त्या दिवशी डब्याची नोंद वेळेवर केली होती, माझ्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे ती पुसली गेली, ते काहीही विसरले नव्हते. खाली माझी सही, पूर्ण नाव, कॉलेजचं नाव. त्याआधी मी सह्या केल्या होत्या त्या परीक्षेच्या अर्जावर आणि बसच्या पासावर. ही पहिली सही अशी होती की तिच्यामुळे माझं काही बिघडू शकलं असतं. संध्याकाळी अण्णांच्या स्कूटरवर मागं बसून, दोन पिशव्या मांडीवर घेऊन मी महाळुंग्याला गेले आणि ती चिठ्ठी गेटवर साहेबांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, माझ्याकडे बघितलं, घडी घालून खिशात ठेवली. "डॉक्टरचा दाखला आणू द्या, मग बघू," एवढंच म्हणाले.

दाखला अण्णांनीच बरोबर जाऊन काढून आणला. पंधरा दिवसांनी मामा पुन्हा लेथवर गेले. मात्र त्यांच्या जुन्या मशिनवर तोवर दुसरा माणूस उभा राहिला होता. त्यांना दाराजवळचं मिळालं, जिथं दिवसभर धूळ येते. ते जुनं मशिन त्यांना परत मिळालं नाही.

मधल्या काळात मी फॉर्म पुन्हा लिहिला. आता मोबाईल नंबर ही ओळख नव्हती. आईनं प्रत्येकाला दिलेली खूण ही ओळख होती. पानावर चाळीस छोटी चित्रं, मासा, त्रिशूळ, दिवा. आपलं चित्र निवडायचं, मग फोन कुणाचाही असो. स्क्रिप्ट आधी बघायची की काही रिकामं राहिलं नाही ना; पण सर्व्हर तिच्यावर विश्वास न ठेवता तेच सगळं पुन्हा स्वतः तपासायचा, अशी खूण आहे का, आज बंदचा वार तर नाही ना. हे दोनदा तपासणं पुस्तकात होतं, मी ते पाठही केलं होतं. पण का करायचं, ते मला ओट्यापाशी बंद ओढत बसलेल्या बाईनं शिकवलं. हिरवी खूण परत तिच्या जागी गेली, उत्तर आल्यानंतर. तोवर पानावर लिहिलेलं असायचं: थांबा, अजून पोचलं नाही. पोचलं नाहीच, तर तसं स्पष्ट यायचं: नोंद झालेली नाही, अण्णांना फोन करा.

नवा फॉर्म दाखवायला गेले तेव्हा मामांनी कणीस निवडलं आणि बटण दाबलं. रेंज नेहमीसारखी. थांबा, अजून पोचलं नाही. रवी म्हणाला, "झालं, परत अडकलं." मामा म्हणाले, "अडकू दे. पोचलं नसताना पोचलं म्हणण्यापरीस बरं हाय." मग उत्तर आलं. त्या दिवसापासून त्यांचा डबा पुन्हा सुरू झाला.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत मला चांगले गुण मिळाले. ते मी इथं फार लिहीत नाही, कारण माझी खरी परीक्षा त्याच्या आधीच्या आठवड्यात झाली होती.

आता गाठीही चालू होत्या आणि फॉर्मही. आईनं या वेळी ऐकलं नव्हतं. एका सकाळी मी यादी वाचत होते. कणीस, हवा. आई पिशव्या ओढत होती. तिनं कणसाची पिशवी वर धरली. बंदाला एक गाठ होती, चांगली घट्ट. "नको म्हणतोय," आई म्हणाली. मी पुन्हा यादी बघितली. सव्वानऊची नोंद, हवा. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या गुरुवारी मीच विचारलेला प्रश्न ओट्यावर येऊन पडला होता.

मी चप्पल पायात घातली.

खोली आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी पोचले तेव्हा मामा दारातच बसून पायाला तेल चोळत होते, जणू कुणाची वाट बघत होते. मला धाप लागली होती. म्हटलं, "मामा, फॉर्ममध्ये हवा आहे आणि पिशवीला गाठ आहे. तुम्हाला आज डबा हवाय की नको?"

त्यांनी तेलाची बाटली बाजूला ठेवली. मिशीत हसत होते. "हवा हाय की. साखरेचा माणूस मी, डब्याबिगर कसा राहीन?"

"मग गाठ?"

"मीच मारली. बघायलो होतो, कुणाचं ऐकतीस."

ते आत वळून म्हणाले, "रवी, ऊठ. चहा टाक. लेक विचारायला आलीय."

आज माझ्या हाताखाली चार मुलं काम करतात आणि आम्ही मोठमोठ्या कंपन्यांचे फॉर्म करतो. कुणाची तक्रार आली की मुलं आधी नोंद उघडतात आणि सांगतात, "मॅडम, आपल्याकडे तर असं काही आलेलंच नाही." मी त्यांना रागावत नाही. त्या माणसाचा नंबर मागून घेते आणि स्वतः फोन लावते. आईची मेस गुडघ्यांमुळे बंद झाली. पिशव्या तिनं ज्यांच्या त्यांना देऊन टाकल्या. कणसाची पिशवी मात्र मामांनी गावी जाताना माझ्याकडे ठेवली. तिच्या बंदाला त्यांनीच मारलेली एक गाठ आहे. ती मी अजून सोडलेली नाही.